पऱ्हाटीचं पुस्तक बक्षिसाला पाठवताना

प्रश्न : पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, मुलांसाठी सचित्र माहितीचं पुस्तक केलं आहे. चित्रं माझ्या भावाने जलरंगात काढली. गोष्ट नसलेल्या पुस्तकाला चित्रांचं बक्षीस मिळतं का?
– एक शिक्षिका, पांढरकवडा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मिळतं. अमेरिकेतलं कॅल्डेकॉट पदक चित्रांसाठीच असतं. १९९९ साली ते हिमकणांचे फोटो काढणाऱ्या व्हरमाँटच्या एका शेतकऱ्याच्या चरित्राला, मेरी अझेरियन यांच्या लाकूडठशांच्या चित्रांसाठी मिळालं. पण ते अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी असलेल्या चित्रकारांनाच देतात. तुमच्या उपयोगाचं ठिकाण म्हणजे इटलीतल्या बोलोन्या शहराचा बालपुस्तक मेळा. तिथल्या रागाझी पुरस्कारात माहितीपर पुस्तकांचा वेगळा विभाग आहे. त्यासाठी छापील पुस्तक प्रकाशकाने पाठवायचं असतं. प्रकाशक नसेल तर तिथल्याच चित्रकार-प्रदर्शनासाठी भावाने स्वतःच्या नावाने पाच चित्रं पाठवावीत. पाचही एका मालिकेतली वाटली पाहिजेत.

माहितीची पुस्तकं मागे पडतात ती चित्राचा तक्ता झाल्यामुळे. मजकूर झाकून पाहा. चित्रांवरून क्रम कळला नाही, तर चित्र कच्चं आहे. पऱ्हाटीत दाखवण्यासारखं किती आहे! अमेरिकन कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. झाड खालून वर फळतं, म्हणून खाली फुटलेलं बोंड, मध्ये हिरवी बोंडं आणि शेंड्याकडे फुलं-पात्या (कळ्या) एकाच वेळी दिसतात. हा क्रम उलटा काढला, तर आपल्याकडचं शाळकरी पोरही चूक दाखवेल. बोंडात चार-पाच कप्पे असतात आणि रुई सरकीवरच उगवते. गुलाबी बोंडअळीची डोमकळी (अळी लागलेलं, न उमललेलं फूल) काढायची तर पाकळ्या मिटलेल्याच हव्यात, कारण अळी त्या धाग्याने बांधून टाकते. कच्ची चित्रं कृषी विज्ञान केंद्रात किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत दाखवून घ्या.

कापसाचा पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. भोवती फिकट करडी-निळी सावली द्या. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो. मोबाईलच्या फोटोत कापूस नुसता पांढरा ठिपका होतो, म्हणून छापायच्या मापाला ३०० डीपीआयवर स्कॅन करा. कडेला ३ मिमी जादा चित्र ठेवा. शिवणीपासून सेंटिमीटरभर महत्त्वाचं काहीच नको, नाहीतर बोंड दोन पानांच्या खाचेत जाईल. मूळ चित्रावर अक्षरं लिहू नका. प्रदर्शनाला चित्र अक्षरांशिवायच शोभतं.

प्रश्न : मुखपृष्ठावर भावाचं नाव हवंच का?

उत्तर : हवंच, लेखिकेच्या नावाइतक्याच अक्षरात. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लेखकाला जातो; चित्रकाराची ओळख पुस्तकावरच उरते. मूळ चित्रं परत मिळतील, हे प्रकाशकाशी करायच्या करारात आधीच लिहून घ्या.