हॅक्स शिकण्यात अर्थ आहे का, की सरळ युनिटी धरू?

प्रश्नाखाली तू लिहिलंयस की फ्लॅशच्या काळातले असायचे तसे छोटे शैक्षणिक गेम करायचेत, मोबाईल आणि ब्राउझर दोन्हीकडे चालायला हवेत, पण कॉलेजातले सर म्हणतात हॅक्सला मार्केटमध्ये कुत्रं विचारत नाही. ते शेवटचं वाक्य वाचून लॉगिन केलं, नाहीतर मी इथे नुसता वाचणारा माणूस.

शीक. बिनधास्त शीक. (नुसतं वाचणाऱ्यांसाठी: हॅक्स ही प्रोग्रामिंगची भाषा, एकदा लिहिलेला कोड ब्राउझर, मोबाईल सगळीकडे चालवता येतो. युनिटी म्हणजे गेम बनवायचं प्रसिद्ध इंजिन. आणि फ्लॅश म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि गेम चालवणारं ॲडोबीचं जुनं सॉफ्टवेअर.)

आता का ते. २०११-१२ ची गोष्ट, पुण्यात एका ई-लर्निंग कंपनीत होतो, नाव जाऊ दे. आठवी ते दहावीचे सायन्सचे प्रयोग करायचो, लंबक, ओहमचा नियम, आरशातली प्रतिमा, सगळं फ्लॅशच्या भाषेत, ॲक्शनस्क्रिप्ट ३ मध्ये. मुलगा माउसने वायर ओढून जोडणार, अमीटरचा काटा हलणार, असं. मराठी टेक्स्ट तर श्रीलिपीत टाइप करून कंट्रोल बी मारून फोडायचो, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करायचे, कारण फॉन्ट एम्बेड केला की फ्लॅश जोडाक्षरांची वाट लावायचा. ज्यांनी त्या काळात मराठी कंटेंट केलाय त्यांना विचार, सगळ्यांनी हेच केलंय. सीडी जायची शाळांना, नंतर पेनड्राइव्ह.

मग टॅब्लेट आले. आयपॅडवर फ्लॅश कधीच नव्हता, एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने त्यावर जाहीर पत्रच लिहिलं होतं, आणि नोव्हेंबर २०११ ला ॲडोबीनेच मोबाईल ब्राउझरसाठीचा फ्लॅश प्लेअर पुढे न्यायचा नाही असं सांगून टाकलं. इकडे सरकारच्या स्वस्तातल्या आकाश टॅब्लेटचा गाजावाजा चालू, प्रत्येक संस्थाचालक विचारतोय तुमचं टॅबवर चालतं का. आमच्याकडे मीटिंग. टीमचे लीड म्हणाले सगळं एचटीएमएल ५ मध्ये, म्हणजे ब्राउझर स्वतःच चालवतो त्या जावास्क्रिप्टमध्ये, नव्याने लिहायचं, फ्रेशर्स घेऊ, प्रत्येकाला चार-चार प्रयोग वाटून देऊ.

मी तोवर घरी ओहमच्या नियमाचा प्रयोग हॅक्समध्ये आणला होता. फ्लॅशसारखंच काम हॅक्समध्ये करू देणारी ओपनएफएल ही लायब्ररी तेव्हा नव्हती, एनएमई होतं, त्याचंच २०१३ ला ओपनएफएल झालं. फ्लॅशवाल्याला ते घरच्यासारखं होतं, स्प्राइट तेच, ॲडचाइल्ड तेच, इव्हेंट तेच. नंबर या प्रकाराचं फ्लोट (दशांश आकडा) करायचं, कन्स्ट्रक्टरला क्लासच्या नावाऐवजी न्यू लिहायचं, फॉर लूप सगळे बदलायचे कारण सीसारखा फॉर हॅक्समध्ये नाहीच, बाकी हिशोबाचा कोड जवळजवळ जसाच्या तसा. तोच कोड अँड्रॉइडला सी++ होऊन गेला, ब्राउझरला जावास्क्रिप्ट होऊन गेला आणि फ्लॅशची एसडब्ल्यूएफ फाइल पण त्यातूनच निघाली, म्हणजे जुन्या सीडीवाल्या शाळाही सांभाळल्या जात होत्या. मी ते ऑफिसात टॅबवर लावून दाखवलं. लीडने काटा हलवून बघितला, छान म्हणाले, आणि मग म्हणाले, "उद्या तू सोडून गेलास तर हॅक्सवाला मी कुठून आणू?"

हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर मी तिथेच दिलं होतं की समोर बसलेले सगळे ॲक्शनस्क्रिप्टवाले हेच उद्या हॅक्सवाले, एक आठवडा द्या. ऐकलं नाही. फ्रेशर्स आले, पोरं चांगली होती, पण प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने जेक्वेरी (जावास्क्रिप्टची लायब्ररी) लावून तेच फॉर्म्युले परत लिहिले. टॅब शाळांत गेले आणि सांगलीकडच्या एका शाळेतल्या मॅडमचा फोन, की २ ओहम आणि ३ ओहमचे रेझिस्टर सिरीजमध्ये जोडले की तुमचा टॅब २३ ओहम सांगतोय, मुलं हसतायत. झालं काय होतं हे तुला कळलंच असेल, टेक्स्टबॉक्समधनं आलेली किंमत स्ट्रिंग, म्हणजे आकडा नाही तर नुसती अक्षरं, आणि जावास्क्रिप्टने दोन स्ट्रिंगा जोडून दिल्या. हॅक्समध्ये फ्लोटच्या जागी स्ट्रिंग टाकायला गेलास तर कंपायलर (कोड तपासून बिल्ड करणारा प्रोग्राम) तिथेच हाकलतो, शाळेपर्यंत जातंच नाही ते. लीडने तो एक प्रयोग दुरुस्त करून घेतला, "बघ, पाच मिनिटांत झालं." बाकीच्या प्रयोगांत तेच दुखणं वेगवेगळ्या जागी होतं कारण कोड वेगवेगळ्या पोरांचा, ते मग फोन येतील तसं दुरुस्त होत राहिलं.

म्हणून माझं मत आहे ते आहे. हिशोब एकदाच लिहावा. तोच हिशोब तीन ठिकाणी लिहिला की तीन वेगळी उत्तरं येणारच, कितीही हुशार पोरं बसव. आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झाला तो प्लेअर बंद झाला, तो एका कंपनीच्या हातात होता. हॅक्सचा कंपायलर ओपन सोर्स आहे, ओकॅमल भाषेत लिहिलेला, निकोलस कानास या फ्रेंच माणसाने २००५ ला सुरू केला. त्याआधी त्याने ॲक्शनस्क्रिप्ट २ साठी एमटॅस्क नावाचा कंपायलर केला होता, मॅक्रोमीडियाच्या (ॲडोबीच्या आधी फ्लॅश जिची होती ती कंपनी) स्वतःच्या कंपायलरपेक्षा कितीतरी जोरात पळायचा. त्यामुळेच हॅक्समधून फ्लॅश निघायचा आणि फ्लॅश गेल्यावर बाकीची टार्गेट्स (सी++, जावास्क्रिप्ट वगैरे) तशीच उभी राहिली. युनिटीचं २०२३ चं आठव, सप्टेंबरमध्ये जाहीर केलं की प्रत्येक इन्स्टॉलमागे फी, जगभर बोंबाबोंब झाली, वर्षभराने मागे घेतलं. मागे घेतलं हे खरं, पण ठरवणारे ते, तू नाहीस.

"कुत्रं विचारत नाही"चं म्हणशील तर पेपर्स, प्लीज हा गेम २०१३ ला आला तो हॅक्स आणि एनएमईमध्ये, एकट्या लुकास पोपने केलेला. डेड सेल्स हॅक्समध्ये, फ्रान्समधल्या बोर्दोच्या मोशन ट्विन कंपनीचा, जिथे ही भाषाच जन्मली. नॉर्थगार्ड हा गेमही हॅक्समध्ये. फ्रायडे नाइट फंकिन तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी खेळला असेल, तो हॅक्सफ्लिक्सेल या हॅक्सच्या गेम लायब्ररीवर आहे. सरांना एवढं सांग. नाही पटलं तर विचार की सर तुम्ही शेवटचा गेम कधी केला. (हे विचारू नकोस, इंटर्नलचे मार्क त्यांच्या हातात आहेत.)

आता युनिटी की हॅक्स हे तू विचारलंयस ते राहिलंच. तुझे गेम टूडी आणि छोटे आहेत, शाळेच्या रडक्या इंटरनेटवर ब्राउझरमध्ये उघडायचेत. युनिटीचा रिकामा वेब बिल्डसुद्धा काही एमबी खातो, त्या मानाने हॅक्सची जेएस फाइल किरकोळ. थ्रीडी करायचं असेल, नाहीतर कॅम्पसमधून नोकरी लागायची असेल तर युनिटी, त्यात वादच नाही. मीसुद्धा दिवसा युनिटीच करतो, घराचे हप्ते त्यातूनच जातात, त्यामुळे युनिटीवाल्यांनी कमेंटमध्ये येऊन भांडू नये.

अजून काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हॅक्सच्या नोकऱ्या आपल्याकडे शोधून सापडत नाहीत, हे सर खोटं बोलत नाहीयेत. अडलास तर तयार उत्तर मिळेलच असं नाही, लायब्ररीचा सोर्स उघडून वाचायची तयारी ठेव. व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत न देता सोडू नकोस, सी++ वर शून्य मिळेल आणि ब्राउझरमध्ये तोच कोड एनएएन ("हा आकडाच नाही") दाखवेल, मग रात्रभर शोधत बसशील. जुना ॲक्शनस्क्रिप्ट कोड आणायचा असेल तर एएस३एचएक्स नावाचं टूल आहे, सगळं करून देत नाही पण कंटाळवाणं काम उरकतं. मराठी अक्षरं ब्राउझरमध्ये ब्राउझरच जुळवतो तिथे चिंता नाही, मोबाईलच्या नेटिव्ह बिल्डमध्ये मात्र "राष्ट्र", "दुसऱ्या", "किल्ल्याचा" असे शब्द टाकून पहिल्याच दिवशी बघून घे, गेम पूर्ण झाल्यावर नको. सुरुवात ओपनएफएल किंवा हॅक्सफ्लिक्सेलने कर, हीप्स हे हॅक्सचं दुसरं गेम इंजिन नंतर. आणि अँड्रॉइडचा पहिला बिल्ड लावलास की सरळ जेवायला जा, सगळं सी++ पहिल्यांदा कंपाईल व्हायला खूप वेळ घेतं, अडकलंय समजून बंद करू नकोस, दुसऱ्या वेळेपासून बदललेल्याच फाइली होतात.