१३ वर्षांची मुलगी ‘मी जाडी दिसते’ म्हणून रात्री जेवत नाही. तिला काय सांगावे?
तिला नुसते ‘तू जाडी नाहीस’ असे सांगू नका, तर या वयात कंबर आणि मांड्या भरणे हा वाढीचाच भाग आहे, हे नीट समजावून सांगा आणि घरातले कोणीही तिच्या अंगावरून बोलणार नाही, याची आजपासून काळजी घ्या. पाळी सुरू होण्याच्या आगेमागे इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे मुलींच्या नितंबांवर आणि मांड्यांवर चरबी साठतेच. त्यामुळे जूनमध्ये शिवलेला गणवेश दिवाळीपर्यंत घट्ट झाला, तर त्यात तिच्या खाण्याचा दोष नसतो. शाळेत समुपदेशक म्हणून मुलींशी बोलताना मला वारंवार आढळते की, ‘अगं, किती सुटली आहेस!’ हे एखाद्या आत्याने भर पंगतीत म्हटलेले वाक्य त्यांच्या मनातून वर्षानुवर्षे जात नाही. मोबाइलचाही यात वाटा आहेच: २०२१ साली उघड झालेल्या फेसबुकच्या अंतर्गत पाहणीत ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले होते की, स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते. मात्र वजन झपाट्याने उतरत असेल, सुरू झालेली पाळी थांबली असेल, चक्कर येत असेल किंवा जेवल्यावर ती मुद्दाम उलटी करत असेल, तर समजावण्यात वेळ न दवडता बालरोगतज्ज्ञांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा.