कूलर सुरू करण्याआधी

प्रिय चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा वाढदिवस चैत्रात. नागपुरात याच दिवसांत कूलरची झाकणं निघतात, पाडव्यासाठी घरातली जळमटं झाडली जातात, आणि नेमकी तेव्हाच पाखरांची घरट्यांची घाई सुरू असते. यंदा तुला ‘कट्यार काळजात घुसली’चा प्रयोगही बघायचा आहे. दोन्हींसाठी कानांची आणि डोळ्यांची तयारी सारखीच लागते, म्हणून हे एकच पत्र.

आधी कूलर. वर्षभर खिडकीला टांगलेला असेल तर बटण दाबण्याआधी सकाळी वीसेक मिनिटं बाहेरून नुसता बघत राहा. चोचीत गवत घेऊन चिमणी आत शिरते का? चार-दोन काड्याच आल्या असतील आणि अंडी नसतील तर त्याच दिवशी त्या काढून फट बुजव. तिला दुसरी जागा शोधायला अजून वेळ असतो. अंडी दिसली तर मात्र तो कूलर महिनाभर बंद. चिमणीची अंडी 11 ते 14 दिवसांत फुटतात आणि पिल्लं पुढच्या साधारण पंधरवड्यात उडतात. मोटर लावली की पात्यांचा धोका तर असतोच, शिवाय ओल्या ताट्यांच्या गारव्याने अंडी थंड पडतात. तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत झोपावं.

शिंजीर (सनबर्ड) हा छोटा पक्षी ओळखणं जास्त कठीण, आणि त्याचंच घरटं सर्वांत जास्त मोडलं जातं. वेलीच्या टोकाला, कपडे वाळवायच्या दोरीला किंवा लोंबत्या वायरला ते टांगलेलं असतं. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेल्या सुक्या पानांच्या तुकड्यांची, सालींची आणि कचऱ्याची ती एक लांबट पिशवी. बाजूला भोक, त्यावर छोटी पडवी. लांबून पाहिलं तर जाळ्यात अडकलेला केरच वाटतो, म्हणून झाडूच्या एका फटक्यात जातो. पाडव्याच्या सफाईत बाल्कनीचा एक कोपरा मुद्दाम सोड. तिथली जाळी तिच्या बांधकामाचा माल आहे. बांधते ती मादी, वरून मळकट हिरवी, खालून पिवळी. निळा-काळा चकाकणारा नर जवळपास गात असतो, पण अंड्यांवर बसत नाही. अंडी बहुधा दोन. ती उबवायला सुमारे दोन आठवडे, पिल्लं बाहेर पडायला आणखी जवळपास तेवढेच.

बघताना दहा-बारा फुटांवर बस, एका वेळी पंधरा मिनिटं पुरेत. मादी चोचीत काही घेऊन आली, पण घरट्यात न जाता फांद्या बदलत टिकटिकत राहिली, तर अडचण तू आहेस. मागे सरक. फोटोसाठी आडवी येणारी पानं बाजूला करू नकोस, त्याच पानांमुळे कावळ्याला घरटं दिसत नाही आणि दुपारच्या उन्हात सावली मिळते. पाण्याचं मातीचं पसरट भांडं ठेव, कडेला बोटाच्या जाडीएवढं, मध्ये फार तर दोन इंच खोल. पाणी रोज बदल आणि भांडं घासून घे, नाहीतर डास होतील. ते घरट्यापासून दूर ठेव, कारण पाण्यावर कावळेही येतात.

खाली पडलेलं पिल्लू दिसलं तर आधी पिसं बघ. अंगभर पिसं असून उड्या मारत असेल तर ते उडायला शिकतंय. मांजराची भीती असेल तर जवळच्या झुडपावर ठेव आणि लांब जा. उघडं असेल तर अलगद उचलून घरट्यात परत ठेव. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा गैरसमज आहे. दूध मात्र थेंबभरही पाजू नकोस.

आता नाटक. 1967चं हे नाटक लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. नाटकातले गायक खाँसाहेब पहिल्यांदा रंगवले डॉ. वसंतराव देशपांडे यांनी. त्यांचं बालपण या शहरात गेलं. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह त्यांच्याच नावाचं.

जाण्याआधी आठवडाभर ‘घेई छंद मकरंद’ ऐक. शब्द तेच, पण चाली दोन. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी, त्यांची गायकी एका चालीत, खाँसाहेबांची दुसरीत. दोन्ही लागोपाठ तीनदा ऐक. पहिल्यांदा नुसते शब्द, दुसऱ्यांदा फक्त तबला आणि सम (तालाची पहिली मात्रा), तिसऱ्यांदा गाणारा श्वास कुठे घेतो ते. हे कानात बसलं नाही तर दोन घराण्यांचं वैर केवळ संवादांतून कळेल, सुरांतून नाही, आणि अर्धं नाटक हातचं जाईल. 2015च्या चित्रपटात नवी गाणीही आहेत, ती रंगमंचावर शोधू नकोस. प्रयोगातल्या गायकाचं गाणं ध्वनिमुद्रणाशी ताडून बघत बसू नकोस, त्याची तान त्या रात्रीची असते. खुर्ची पाचव्या ते दहाव्या रांगेत, तबलजी दिसेल अशा बाजूची घे. नाटकातल्या तरुण गायकाकडे, सदाशिवकडे, नीट लक्ष दे. खाँसाहेबांची विद्या तो चोरून, आडून ऐकत मिळवतो. पंधरा दिवस शिंजिरापुढे गप्प बसल्यावर ते ऐकणं तुला जास्त कळेल.

रात्री घरी परतशील तेव्हा बाल्कनीतला दिवा लावू नकोस. ती अंड्यांवर बसलेली असेल.