देव परीक्षा घेतो की मोहात पाडतो?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती लोक रोज 'आम्हांला परीक्षेत आणू नको' अशी प्रार्थना करतात, तर मग देवच माणसाला मोहात घालतो का? मी मालवण किनाऱ्यावरचा कॅथलिक, धंदा मासेमारीचा. मला जे उमगलं ते सांगतो.

निम्मा घोळ शब्दाचा आहे. बायबलचा दुसरा भाग, नवा करार, ग्रीकमध्ये लिहिला गेला आणि तिथे 'पैरास्मोस' हा एकच शब्द परीक्षेलाही चालतो, मोहालाही. आमच्या घरी ही प्रार्थना कोंकणीत म्हणतात: 'आमकां ताळणेंत पडूंक दिनाका', म्हणजे आम्हांला मोहात पडू देऊ नको. ताळणी म्हटलं की मला शाळेतल्या गणिताचा ताळा, म्हणजे उत्तराची पडताळणी, आठवते. गणित चुकावं म्हणून कोणी ताळा करत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही 2017 मध्ये या ओळीच्या भाषांतराबद्दल बोलताना सांगितलं होतं की माणसाला मोहात ढकलणारा देव नव्हे. फ्रान्समध्ये त्याच वर्षी डिसेंबरपासून ती ओळ बदलून 'आम्हांला मोहात शिरू देऊ नकोस' अशा अर्थाची झाली.

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात हे स्पष्ट आहे: देव कोणालाही मोहात पाडत नाही, जो तो आपल्याच वासनेने ओढला जातो आणि भुलतो. 'भुलतो'साठी तिथे जो ग्रीक शब्द आहे तो आमिषावरून आलेला. गरवणाऱ्या, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. माशाला काय आवडतं ते बघूनच गरीला कोलंबी लावतात, पण तोंड माशालाच उघडावं लागतं.

2021 च्या तौक्ते वादळात आमची होडी फुटली. दुरुस्तीला कर्ज काढलं, हप्ते थकले. तेव्हा बाहेरचा एक माणूस आला. त्याच्या बोटीवर जनरेटर आणि एलईडी दिवे होते, रात्री जायचं आणि मिळकतीत वाटा घ्यायचा. या मासेमारीवर केंद्र सरकारने 2017 मध्येच बंदी घातली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी मनाशी म्हटलं, देवानेच वाट दाखवली. दोन रात्री गेलो. उजेडावर मासळी अक्षरशः चढून येते, अगदी बोटाएवढी पिल्लंसुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. जाळं जवळजवळ रिकामं आलं. दोरीला माझे चुलते होते. ते मला काहीच बोलले नाहीत. त्या रात्री मी गेलो नाही.

वादळ देवाने धाडलं असं मी म्हणत नाही. पण त्या अडचणीत माझा ताळाही होत होता आणि गरीही लागलेली होती, दोन्ही एकाच वेळी. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायाची पहिलीच ओळ वाचा. येशूला रानात नेलं पवित्र आत्म्याने आणि मोह घातला सैतानाने. रान एकच, चाळीस दिवसांची भूकही तीच. भूक हे काही पाप नव्हे. सैतानाला त्या भुकेच्या आडून देवबापावरचा भरवसा तोडायचा होता. येशूने तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून दिली, आणि त्या पुस्तकात इस्राएल लोकांची रानातली चाळीस वर्षं आठवलेली आहेत, देवाने त्यांच्या मनात काय आहे ते पारखलं तीच वर्षं. माझं कर्जही पाप नव्हतं. 'देवाने मला सोडलं, आता माझं मीच बघतो' हे मी मनात धरलं, तिथे मी गरी गिळली.

प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहिलंय की मोहाबरोबर देव सुटायची वाटही करून देतो, ती म्हणजे तुम्हाला तो सोसता यावा म्हणून. 'सोसता यावा' हे शब्द मी आधी नीट वाचलेच नव्हते. अडचण जाईल अशी माझी समजूत होती. मला मिळालेली वाट म्हणजे चुलत्यांच्या शेजारी रापणीची दोरी. तिथला वाटा थोडा होता, कर्ज फिटायला पुढे तीन वर्षं गेली.

आजही काही रात्री दूर पाण्यात तो पांढरा उजेड दिसतो. मी अंगणात उभा राहून ती ओळ म्हणतो, घरात शिकलो तशीच, कोंकणीत.