एसजीपीटी उतरले, पण बिलिरुबिन वाढले: यकृत सुधारते आहे का?

आपल्या भावाला कावीळ झाली असून एसजीपीटी आठ दिवसांत 1840 वरून 420 वर आले, मात्र बिलिरुबिन (कावीळीत डोळे पिवळे करणारे रंगद्रव्य) 6 वरून 11 वर गेले, तेव्हा यकृत सुधारते आहे की बिघडते आहे, असे आपण विचारले आहे. मी इंदूरला रामबागेत राहतो आणि बरीच वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीचे काम पाहतो, त्या अनुभवावरून लिहितो.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आत राहणारे एन्झाइम आहे. विषाणूमुळे पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपते. म्हणजे हा आकडा पेशींची हानी दाखवतो, यकृत काम किती करते आहे हे दाखवत नाही. या तपासणीला सरसकट ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ म्हणतात, त्यामुळेच बहुतेकांचा गैरसमज होतो.

मशीनमध्ये आम्ही एन्झाइमचे वजन करत नाही, त्याचा वेग मोजतो. सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) ॲलानिन घातले की त्याचे पायरुव्हेट होते, पुढच्या क्रियेत एनएडीएच हे द्रव्य खर्च होते आणि 340 नॅनोमीटरच्या प्रकाशाचे शोषण दर मिनिटाला जितके घटते, त्यावरून रिपोर्टमधला आकडा निघतो. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटून सीरम लालसर दिसले, तर मी रक्त पुन्हा मागवतो, कारण त्या पेशींतले एसजीपीटी मिसळून आकडा फुगतो.

रक्तातले एसजीपीटी साधारण 47 तासांत निम्मे होते. झिरपणे पहिल्याच दिवशी पूर्ण थांबले असते, तर आठ दिवसांनी 1840 चे 110 च्या आसपास राहिले असते. 420 आहे, म्हणजे हानी बरीच ओसरली आहे, पण पुरती थांबलेली नाही, असे मला वाटते. बिलिरुबिन मात्र पुष्कळदा एन्झाइम उतरू लागल्यावरच शिखर गाठते, त्यामुळे आपल्या भावाचे आकडे कावीळ बरी होतानाही असे दिसू शकतात.

तरीही दुसरी शक्यता नजरेआड करू नये. पेशी फार मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या, तर झिरपायलाच काही उरत नाही आणि एसजीपीटी तेव्हाही उतरते. हा फरक प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि त्यावरूनच काढलेला आयएनआर हा आकडा यांवरून कळतो, कारण रक्त गोठवणारे घटक यकृतच तयार करते आणि त्यांतला सातवा घटक काही तासांतच संपतो. रिपोर्टमध्ये आयएनआर नसेल, तर डॉक्टरांना विचारून आजच करून घ्यावे. तो वाढलेला असेल, किंवा भाऊ असंबद्ध बोलू लागला, दिवसा गुंगीत आणि रात्री जागा राहू लागला, तर पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.