आई-बाबांना सिंगापूर-पेनांग-फुकेत क्रूझला पाठवतोय. टूर कंपनीचा फुकट विमा पुरेल का? भाऊ म्हणतो फॉर्मवर बीपी-शुगर लिहू नको, प्रीमियम वाढेल. काय करू?

लिहा. डायबेटीस लिहा, बीपी लिहा, थायरॉइडची गोळी चालू असेल तर तीही लिहा, जुनं ऑपरेशन असेल तर तेही लिहा. प्रीमियम वाढतो हे तुमच्या भावाचं खरं आहे. वाढू द्या. अगदी हेच वाक्य मी आमच्या घरात दिरांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून उत्तर लिहायला बसले.

आमचीही हीच क्रूझ होती. सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि मुलं. सासूबाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या. शुगर बरीच वर्षं, बीपीची गोळी रोज सकाळी. विम्याचा फॉर्म दीर मोबाइलवर भरत होते. "पूर्वीपासून काही आजार आहे का?" या प्रश्नावर त्यांनी सरळ "नाही" केलं. मी म्हटलं, "भाऊजी, आईंना शुगर आहे ना?" तर म्हणाले, "रोजच्या गोळीला आजार म्हणत नाहीत. लिहिलं की टेस्ट मागतील, पैसे वाढवतील. सगळे असंच भरतात." सासरे गप्प. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना." मी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीला स्वतः फोन केला, पूर्वीच्या आजारांना कव्हर देणारा प्लॅन विचारून घेतला आणि सासू-सासऱ्यांचे फॉर्म नव्याने भरले. दोघांचे मिळून दोनेक हजार रुपये जास्त गेले. त्यावर "तुझ्या हट्टापायी" हे शब्द मला जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर ऐकावे लागले.

पेनांग सोडल्यावर रात्री सासूबाईंना घाम फुटला. छातीत दुखत नव्हतं. जबडा दुखतोय आणि मळमळतंय, एवढंच त्या सांगत होत्या. ॲसिडिटी असेल, सकाळी बघू, जहाजावरचा डॉक्टर फार पैसे घेतो, असं म्हणून त्या उठायलाच तयार नव्हत्या. (शुगर असलेल्या बायकांमध्ये हार्ट अटॅक असाही येतो. आई-बाबांना हे निघण्याआधी सांगून ठेवा. विम्यापेक्षाही महत्त्वाचं आहे.) नवऱ्याने व्हीलचेअर मागवली आणि त्यांना खालच्या डेकवरच्या दवाखान्यात नेलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं, औषधं सुरू झाली. डॉक्टर चांगले होते, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की इथे अँजिओप्लास्टी होत नाही, सकाळी फुकेतला उतरवावं लागेल.

फुकेतला मोठं जहाज बहुधा धक्क्याला लागत नाही. पातोंगच्या किनाऱ्यासमोर समुद्रात नांगर टाकतात आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. सासूबाईंना स्ट्रेचरवरून त्या बोटीत उतरवलं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. उतरण्याआधी जहाजाच्या दवाखान्याचं बिल आमच्या केबिनच्या खात्यावर लागलं होतं आणि कार्डावरून पैसेही गेले होते. जहाजावर कॅशलेस वगैरे काही नसतं. आधी भरायचं, नंतर मागायचं.

किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलने दाखल करतानाच डिपॉझिट मागितलं. मी पॉलिसीवरच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पॉलिसी नंबर घेतला आणि लगेच विचारलं, पेशंटला शुगर-बीपी आहे का, किती वर्षं, गोळ्या कोणत्या? माझ्या फोनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे फोटो होते, ते पाठवले. चिठ्ठीवर जे होतं तेच फॉर्मवर होतं. संध्याकाळपर्यंत कंपनीचं हमीपत्र हॉस्पिटलला आलं. स्टेंट बसला. जहाज तोवर पुढे गेलं होतं. दीर, जाऊ, मुलं आणि सासरे जहाजावर, आम्ही दोघं फुकेतला. नंतर विमानात बसता येईल असं डॉक्टरांचं पत्र घेऊन सासूबाईंना घरी आणलं.

आता आमचे दीर दर दिवाळीला पाहुण्यांना सांगतात की क्लेम त्यांच्या पाठपुराव्यामुळे मिळाला. पाठपुरावा त्यांनी केला, हे खरं. जहाजाच्या बिलासाठी केला. आमच्याकडे केबिनच्या खात्याची नुसती पावती होती. विमा कंपनीला तपशीलवार बिल आणि डॉक्टरांच्या नोंदी हव्या होत्या. त्या जहाज कंपनीकडून मिळवायला भाऊजींनी कितीतरी ईमेल केल्या, त्याचं श्रेय त्यांचंच. पण ती रक्कम लहान होती, त्यातूनही डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपण स्वतः सोसायचा ठरलेला भाग, कापलं गेलं. मोठा खर्च हॉस्पिटलचा होता, आणि त्याची हमी भाऊजी सिंगापूरला उतरायच्या आधीच आली होती. ती फॉर्मवरच्या "होय" मुळे आली. तिथे "नाही" असतं, तर माहिती लपवली या एका कारणावर कंपनीने हात वर केले असते आणि तिला कोणी दोषही देऊ शकलं नसतं.

टूर कंपनीच्या विम्याबद्दल. फुकट मिळतोय म्हणून घेऊ नका. त्याची पूर्ण पॉलिसी मागा, माहितीपत्रक नको. बहुतेक ठिकाणी रक्कम कमी असते, सत्तरीपुढे ती आणखी घटते, आणि पूर्वीच्या आजारांच्या पुढे "वगळले" लिहिलेलं असतं. तसं असेल तर तो राहू द्या आणि वेगळा घ्या. माझ्या मते दोघांना प्रत्येकी किमान पन्नास हजार डॉलरचं वैद्यकीय कव्हर हवं. तुम्हाला मिळालं तर जास्त घ्या. जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात येतो का, हे लेखी विचारा. घरचं मेडिक्लेम यात धरू नका, ते बहुधा भारतातच चालतं. सिंगापूर, मलेशिया, थायलंड ही तिन्ही नावं पॉलिसीच्या हद्दीत येतात ना, हेही बघा. आणि विमा भारतातून निघायच्या आधीच घ्यावा लागतो.

सामान हरवणं, उशीर वगैरे कव्हरवर मी वेळ घालवणार नाही. फक्त एक: जहाज कोणासाठी थांबत नाही. विमान लेट होऊन जहाज चुकलं तर विम्याची भरपाई किरकोळ असते. आदल्या दिवशी सिंगापूरला पोचवा. क्रूझ रद्द करायची वेळ आली तर निघायची तारीख जवळ येईल तशी कापली जाणारी रक्कम वाढत जाते आणि शेवटी काहीच परत मिळत नाही. विमा ते पैसे ठरावीक कारणांनाच देतो, म्हणजे मृत्यू, हॉस्पिटलात भरती अशा. जावंसं वाटत नाही, हे कारण त्यात नसतं.

आता हेही सांगायला हवं. पूर्वीच्या आजारांचं कव्हर म्हणजे सगळं कव्हर नाही. बऱ्याच पॉलिसी जिवावर बेतलं तरच आणि तब्येत स्थिर होईपर्यंतच पैसे देतात, त्यालाही वेगळी मर्यादा असते. आमच्याही बिलाचा काही भाग त्या मर्यादेबाहेर गेला आणि तो आम्ही भरला. मायामीहून निघणारी कॅरिबियनची क्रूझ असेल किंवा अलास्काची असेल, तर "अमेरिका-कॅनडा वगळून" असलेला प्लॅन उपयोगाचा नाही. मुंबई-गोवा जहाज असेल तर किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलला तुमचं मेडिक्लेम चालेल, जहाजावरच्या डॉक्टरचं बिल तेवढं आधी विचारून घ्या. मी एजंट नाही, त्यामुळे कंपनीचं नाव विचारू नका.

खरं लिहूनही क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. पण तिथेही तुमचा फॉर्म समोर ठेवला जाणार. म्हणून तो भावाकडे देऊ नका. आई-बाबांना समोर बसवा, त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडा आणि एकेका गोळीचं नाव वाचून भरा.