दोन-तीनच टाके असतील तर भूल घ्यावी का?

‘टाक्यांची सुई टोचणारच आहे, मग त्याआधी भुलीची सुई कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. मी कॅज्युअल्टीत नर्स आहे आणि हाच हिशोब मांडणाऱ्या एका वरिष्ठ डॉक्टरांशी माझा कायम वाद असायचा.

एकदा कपाळ फुटलेली लहान मुलगी आली. सर म्हणाले, “दोनच टाके आहेत सिस्टर, डोकं घट्ट धरा.” मी म्हटलं, “सर, बधिर करणारं जेल लावू या.” “अर्धा तास कोण थांबणार?” तेवढ्यात एक गंभीर पेशंट आला आणि जाता जाता ते “लावा मग” म्हणाले. लिग्नोकेन, अ‍ॅड्रिनलिन आणि टेट्राकेनचं ते जेल कापसावर घेऊन जखमेवर ठेवलं, मुलगी आईच्या मांडीवरच बसून राहिली. अर्ध्या तासाने कापूस काढला तर जखमेच्या कडा पांढऱ्याफटक! अ‍ॅड्रिनलिनने रक्तवाहिन्या आकसल्या की असं होतं, म्हणजे जेल लागू पडलं. टाके पडताना ती आईच्या बांगड्या मोजत होती. सर म्हणाले, “मुलगी शहाणी आहे.” अहो, शहाणी नाही, तिला दुखत नव्हतं! हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते.

आणि दुखणं फक्त टाक्यांचं नसतं. जखम नीट धुवावी लागते, आत काच-माती राहिली का ते उघडून बघावं लागतं. पेशंट तडफडत असेल तर धुणं उरकलं जातं आणि मग जखम पिकू शकते. भुलीचं इंजेक्शन झोंबतं ते औषध आम्लधर्मी असतं म्हणून. १० भाग लिग्नोकेनमध्ये (हेच ते भुलीचं औषध) १ भाग आम्लता कमी करणारं सोडा बायकार्बचं इंजेक्शन मिसळलं, औषध अंगाइतकं कोमट केलं, बारीक सुईने जखमेच्या आतल्या कडेतून सावकाश सोडलं, तर झोंबणं बरंच कमी होतं. याला वेळ लागत नाही, फक्त मनावर घ्यावं लागतं. “वेळ नाही” म्हणणाऱ्यांना हे खुशाल सांगा.

चीर छोटी असेल, कडा ताणल्याशिवाय जुळत असतील, तर दवाखान्यातल्या जखम चिकटवायच्या खास डिंकानेही भागतं, टाकेच नकोत. अखंड त्वचेवर लावायचं बधिरतेचं क्रीम मात्र घरून उघड्या जखमेवर थापून येऊ नका. पूर्वी भुलीच्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली असेल तर आधीच सांगा. आणि बोट कापलं असेल तर भूल देण्याआधी टोकाला स्पर्श कळतोय का, बोट वाकतंय का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. एकदा बधिर झालं की संवेदनेची नस तुटल्याचं कळत नाही.